अंड्यांच्या ट्रेने खोली सुधारत नाही

खानापूरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने नव्या म्युझिक सिस्टीमसाठी माडीवरची खोली रिकामी केली आणि नेमका तेव्हाच, बेळगाव-निपाणीकडे महिनोन्‌महिने फिरत असलेला तो संदेश त्याच्या व्हॉट्सॲपवर आला: भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा, मोफत ॲपने खोलीतल्या आवाजाची मोजणी करा, आलेखातले खड्डे (जे स्वर कमी ऐकू येतात ते) इक्वलायझरने, म्हणजे वेगवेगळ्या स्वरांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, भरून रेष सरळ करा आणि स्पीकर कोपऱ्यांत ठेवा, की घरच्या घरी स्टुडिओ तयार. भाचा ट्रे गोळा करू लागला आहे, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

ट्रेचा दावा सर्वांत निराधार आहे. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि ऑर्गनच्या नळीचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरात आहे: खोलीचे घनमीटरमधले घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण, म्हणजे सेकंदांतला निनादकाल (आवाज विरायला लागणारा वेळ). पृष्ठभाग किती आणि तो ध्वनी किती शोषतो, एवढेच त्यात मोजले जाते. खळगे पाहून स्टुडिओची आठवण होते, याला तेथे काहीही किंमत नाही. ट्रेचा पातळ पुठ्ठा वरच्या पट्टीतला आवाज थोडासा शोषतो, त्यामुळे टाळी वाजवल्यावर खणखणाट कमी वाटतो, हे मान्य करावे लागेल. पण ५० हर्ट्झची, म्हणजे अगदी खालच्या स्वराची, ध्वनिलहर जवळजवळ ७ मीटर लांब असते आणि तिच्यावर या पुठ्ठ्याचा काहीच परिणाम होत नाही. म्हणजे तंबोऱ्याची झळाळी मंदावते आणि डग्ग्याचा घुमारा तसाच राहतो. खोली आधीपेक्षा वाईट होते. शिवाय खानापूरच्या पावसाळ्यात हा पुठ्ठा ओल धरणार, त्यावर बुरशी येणार, आणि तापणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या मागे चटकन पेट घेणारा कागद भिंतभर लावणे सरळसरळ धोक्याचे आहे. शोषणच हवे असेल तर कोपऱ्यांत चार इंच किंवा त्याहून जाड रॉकवूल (दगडी तंतूंची लादी), मागे थोडी पोकळी ठेवून, कापडात मढवून लावावे.

खड्डे भरण्याचा सल्लाही तितकाच चुकीचा आहे. खोली १२ फूट लांब असेल तर समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झला स्थिर लहर (जागच्या जागी काही ठिकाणी मोठी, काही ठिकाणी नाहीशी होणारी) तयार होते आणि खोलीच्या बरोबर मध्यावर तो स्वर जवळजवळ नाहीसा होतो. तेथे इक्वलायझरने १० डेसिबल वाढवले तर ॲम्प्लिफायरला त्या स्वरासाठी दहापट शक्ती द्यावी लागते, भिंतींजवळ तो स्वर आणखी फुगतो आणि मध्यावरचा खड्डा तसाच राहतो. उंचवटे इक्वलायझरने कमी करता येतात. खड्ड्यासाठी खुर्चीच हलवावी लागते.

कोपऱ्यात बास वाढतो हे खरे, पण तो घुमणारा बास असतो.

ॲपबद्दल एवढेच मान्य करतो की, डावा आणि उजवा स्पीकर एकाच जागेवरून सारख्या मोठ्याने ऐकू येतात का, हे त्यावर ढोबळपणे पाहता येते. परंतु फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, अनेक फोन खालचे स्वर कापतात आणि आवाजाची पातळी आपोआप बदलतात, त्यामुळे बासचा आलेख खोलीपेक्षा फोनचीच मर्यादा दाखवतो. मोजणीसाठी यूमिक-१ सारखा स्वतःची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकच्या चुका दुरुस्त करणारी नोंद) असलेला माइक उसना मिळाला तरी चालेल. खोलीतला आवाज मोजणारे रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत आहे. खुर्चीत बसल्यावर कान जेथे येतात त्या उंचीवर माइक ठेवून २० ते २०,००० हर्ट्झचा स्वीप (खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत सलग चढणारा आवाज) घ्यावा, मग खुर्चीची जागा एकेक फूट मागेपुढे करून पुन्हा घ्यावा, आणि भिंतींना काय लावायचे ते त्यानंतर ठरवावे.