फेमिनिस्टांना म्हणे सायन्स नको असतं

परत तो फॉरवर्ड आला. "फेमिनिस्ट पोस्टह्युमनिझमवाल्यांना सायन्स कळत नाही, त्यांच्या मते सत्य वगैरे काही नसतं आणि माणसापेक्षा उंदीर मोठा." (फेमिनिस्ट पोस्टह्युमनिझम म्हणजे माणूस, त्यातही पुरुष, हाच सगळ्याचा मापदंड नाही असं मानणारा स्त्रीवादी विचार.) एकेक घेतो.

सायन्स कळत नाही? या विचारातली दोन मोठी नावं घ्या: डोना हॅरवे येलच्या बायॉलॉजीतल्या पीएचडी, करेन बराड यांची पीएचडी थिअरॉटिकल पार्टिकल फिजिक्समधली. पुढे. (हां, बराड यांचं अर्धवट वाचून जे लोक जिकडेतिकडे 'क्वांटम' पेरत फिरतात त्यांचा मलाही वैताग येतो.)

सत्य नसतं म्हणे. हॅरवेबाईंनी 1988 मध्येच लिहून ठेवलंय की प्रत्येक जण कुठून तरी बघत असतो, ते 'कुठून' लपवू नका, आणि 'ज्याचं त्याचं खरं' हेही त्यांना मान्य नाही. उदाहरण आपल्याच देशातलं घ्या, माउंट अबूची वानरं. टोळीवर नवा नर आला की पिल्लं मारतो, ते गर्दीमुळे बिघडलेलं वागणं असं बरेच जण मानायचे, आणि माद्या? त्या आपल्या पिल्लं सांभाळत बसलेल्या. 1970 च्या दशकात माकड-वानरांची अभ्यासक सारा हर्डी तिथे गेली, माद्यांकडे नीट बघितलं, तर त्या बाहेरच्या नरांशीही जुगतायत, गाभण असताना सुद्धा! तिचं म्हणणं असं की बाप कोण ते नक्की नसलं की नर पिल्लाला हात लावत नाही. यावर वाद झाले, होऊ देत ना. त्याच क्षेत्रातल्या जीन ऑल्टमनने तर 1974 मध्ये नोंदी घ्यायची पद्धतच तपासली, म्हणजे नजरेत भरेल तेच टिपत बसलात तर वही धिंगाणा घालणाऱ्यांनीच भरणार, त्यापेक्षा एक प्राणी ठरवा, ठराविक वेळ फक्त त्यालाच बघा, मग पुढचा. या दोघी पोस्टह्युमनिस्ट नव्हेत, पण हॅरवेने माकडं-वानरांच्या अभ्यासावर अख्खं पुस्तक लिहिलं ते असल्याच कामावर.

राहिला उंदीर. प्रयोग बंद करा असं हॅरवे म्हणत नाहीत, मारताय तर त्याची जबाबदारी घ्या, 'माणसासाठीच आहे' म्हणून हात झटकू नका एवढंच. आणि उंदराकडे बघायला हवंच होतं हो, कारण लॅबमध्ये वर्षानुवर्षं नरच जास्त, मादीच्या ऋतुचक्राने डेटा बिघडतो म्हणून, आणि 2014 मध्ये जुने आकडे एकत्र करून पाहिले तर माद्यांचे चढउतार नरांपेक्षा जास्त नव्हतेच. माणसांतही तीच सवय. झोल्पिडेम ही झोपेची गोळी अमेरिकेत 1992 ला मंजूर झाली, बायकांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त उरते म्हणून त्यांचा डोस 10 वरून 5 मिलिग्रॅम करायला 2013 उजाडलं.