हवा कमी भरून टायर वाचत नाही

‘टायरचा खर्च निम्म्यावर आणा, वर्षाला वीस हजार वाचवा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या कुटुंबांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांमधून फिरतो आहे. त्यात चार सल्ले आहेत: उन्हाळ्यात टायरमधली हवा पाच-सहा पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी ठेवावी; एकदा नायट्रोजन भरला की वर्षभर हवा पाहू नये; पुढच्या-मागच्या टायरची अदलाबदल आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणे, हे दुकानदारांचे उद्योग समजावेत; आणि टायर गुळगुळीत झाला की त्याला पुन्हा खाचा पाडून घ्याव्यात. असले संदेश मी एरवी वाचतही नाही. परंतु समृद्धी महामार्गाने नागपूरला निघण्याच्या आदल्या दिवशी आमच्या भावजींनी यावर विश्वास ठेवून चारही टायर 33 वरून 27 वर आणले, आणि त्या गाडीत माझी बहीण व भाचरे बसणार होती, तेव्हा गप्प राहणे शक्य नव्हते.

पहिल्या सल्ल्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. टायर तापला की दाब वाढतो. सकाळी 25 अंशांना 33 भरलेला टायर 60 अंशांपर्यंत तापला, तर मीटरवर 38-39 दिसेल. पण ही वाढ गाडी बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेली असते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यातला आकडा हा गार टायरचा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असतानाचा असतो, आणि चांगल्या स्थितीतला टायर निव्वळ दाबाने फुटायचा तर तो दाब 39 च्या कितीतरी पुढे जावा लागतो.

महामार्गावर टायर फुटतो तो बहुतांशी उष्णतेने कमकुवत होऊन, आणि ती उष्णता उन्हापेक्षा टायरच्या स्वतःच्या वाकण्यातून अधिक येते. लोखंडी तार एकाच जागी भराभर पुढे-मागे वाकवली की हाताला चटका बसतो, तोच प्रकार येथे आहे. मध्यम आकाराच्या मोटारीचे चाक एका फेऱ्यात साधारण 1.9 मीटर जाते. समृद्धीवर मुभा असलेल्या ताशी 120 किलोमीटर वेगाने टायरच्या बाजूचा प्रत्येक भाग सेकंदाला सतराहून अधिक वेळा दबतो आणि सुटतो. हवा कमी असेल तर प्रत्येक वेळी तो अधिक खोल दबतो, रबर अधिक तापते, आणि शेवटी आतल्या पोलादी तारांचे पट्टे व वरचा थर यांची पकड सुटू लागते. भावजींचा युक्तिवाद असा, की 27 चे तापून 33 होतातच, म्हणजे आकडा बरोबर जुळला. आकडा जुळला खरा, पण टायर तापवून! याहून घातक म्हणजे वाटेत थांबून गरम टायरमधली हवा सोडणे, कारण 38 दाखवणारा टायर 33 वर आणला की गार झाल्यावर तो 28 च्या आसपास येतो, आणि गाडी पुन्हा त्याच वेगाने पळणार असते.

याचा पुरावा अमेरिकेने भयंकर किंमत मोजून मिळवला आहे. ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे 65 लाख टायर परत मागवले. त्यांतले बहुतेक फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते. धावत्या टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या, आणि सरकारी नोंदीनुसार मृतांचा आकडा अडीचशेच्या पुढे गेला. टायरच्या बनावटीत दोष होता, हे तपासात निघाले. परंतु फोर्डने त्या गाडीसाठी 26 पीएसआय सुचवले होते, ते पुढे 30 करण्यात आले; आणि अपघात एकवटले होते ते टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना यांसारख्या उष्ण राज्यांत. कमी हवा, कडक उन्हाळा आणि मोठा वेग, म्हणजे संदेशाने सुचवलेली नेमकी तीच परिस्थिती. त्याच वर्षी कायदा झाला आणि त्यातून नव्या गाड्यांत हवा कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा सक्तीचा झाला. तो दिवाही दाब 25 टक्क्यांनी घटल्यावर लागला तरी नियमात बसतो. त्या हिशेबाने 33 च्या जागी 27 असताना तो लागेलच असे नाही.

आता पैशांचे पाहू. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या अंदाजाप्रमाणे चारही टायरमधली हवा एका पीएसआयने कमी झाली की मायलेज सुमारे 0.2 टक्क्याने घटते. महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला पंधरा आणि पेट्रोल 105 रुपये धरले, तर सहा पीएसआयचे महिना पंचाऐंशी रुपयेही होत नाहीत. उगाच फुगवून सांगण्यात अर्थ नाही. खरा खर्च टायरचा आहे: कमी हवेत दोन्ही कडा झिजतात, मधली नक्षी शाबूत राहते आणि टायर वेळेआधी बदलावा लागतो. पेट्रोल पंपावर हवा फुकट भरून मिळते.

नायट्रोजन हवेपेक्षा सावकाश गळतो, एवढे खरे. पण साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो, आणि खिळा टायरमध्ये काय भरले आहे हे विचारून घुसत नाही. महिन्यातून एकदा तपासणे सुटत नाही.

अलाइनमेंट आणि अदलाबदल यांबाबत संदेश निम्मा बरोबर आहे. प्रत्येक भेटीत ‘अलाइनमेंट आउट आहे’ असे सांगणारे दुकानदार मलाही भेटले आहेत. गाडी एका बाजूला ओढत नसेल, स्टिअरिंग सरळ असेल आणि झीज सारखी असेल, तर दरवेळी पैसे देण्याचे कारण नाही. पण पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांत पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर पुढचे-मागचे बदलून घ्यावेत.

शेवटचा सल्ला देणाऱ्याने मोटारीचा टायर कधी कापलेला पाहिला नसावा. ट्रकच्या काही टायरांवर पुन्हा खाचा पाडता येतील अशी खूण असते, कारण त्यांत खाचेच्या तळाखाली त्यासाठी जादा रबर ठेवलेले असते. मोटारीच्या टायरमध्ये ते नसते. गरम पाते फिरवले की थोड्याच रबराखाली पोलादी तारा आहेत, आणि कापातून पाणी शिरले की त्या गंजतात. खाचांच्या तळाशी आडव्या उंचवट्यांच्या खुणा असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे 1.6 मिलिमीटर उरली, की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 94 हीच मर्यादा सांगतो. पात्याने खोल केलेली खाच मोजपट्टीवर पाच मिलिमीटर भरेल, परंतु तारांवरचे रबर तेवढ्याने आणखी पातळ झालेले असेल.