दिवाणी म्हणजे सौम्य, हे कोणी सांगितलं?

अमेरिकेत चोरवाटेने शिरणं हा गुन्हा की नुसती दिवाणी बाब, यावर आमच्या गावाकडच्या ग्रुपवर रात्री चांगलीच जुंपली. एका बाजूला "सगळे गुन्हेगारच" म्हणणारे. दुसऱ्या बाजूला "भो, दिवाणी मामला शे, जास्तीत जास्त काय व्हई, मांगे धाडतीन" म्हणणारे. मी धुळ्याच्या कोर्टात वकिली करतो म्हणून मला टॅग केलं. उत्तर लांबलं, म्हणून इथे टाकतोय.

तिकडे शिरणं वेगळं आणि राहणं वेगळं. तपासणी चुकवून सीमा ओलांडली तर तो फौजदारी गुन्हाच, १९२९ पासून. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद. हद्दपार होऊन पुन्हा घुसला तर २ वर्षांपर्यंत, आणि आधीचा गंभीर गुन्हा नावावर असेल तर २० पर्यंत. पण जो रीतसर व्हिसावर उतरला आणि मुदत संपली तरी राहिला, त्याचं नुसतं राहणं सहसा गुन्हा धरत नाहीत. २०१२ साली अॅरिझोनाच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट म्हटलंय. त्याला हाकलता येतं, आणि ही हाकलण्याची कारवाई दिवाणी. हद्दपारी म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नव्हे, हे तर ते कोर्ट १८९३ पासून सांगतंय.

म्हणजे ग्रुपवरचे दोघंही अर्धे बरोबर. पण मला खटकतो तो "मांगे धाडतीन" मधला निवांतपणा. आपल्याकडे दिवाणी म्हटलं की बांधाचा दावा आठवतो: आजोबांनी लावलेला, नातू तारखा घेतोय, बेडी कोणालाच नाही. तिकडे खुनाच्या आरोपीला वकील परवडत नसेल तर सरकार देतं. हद्दपारीच्या खटल्यात वकील हवा तर स्वतःच्या खिशातून, नाहीतर स्वतःच उभं राहा. समोरचा न्यायाधीशसुद्धा सरकारच्या न्याय खात्याचा नोकर. ज्युरीचं तर नावच नको. निकाल लागेपर्यंत डांबून ठेवता येतं ते वेगळंच. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला १०४ भारतीयांना घेऊन लष्करी विमान उतरलं, त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. पुरुषांच्या हातात बेड्या, पायात साखळ्या. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की ही पद्धत २०१२ पासूनचीच आहे. हे सगळं, म्हणे, दिवाणी!

माझं मत विचाराल तर दिवाणीचा शिक्का सरकारच्याच सोयीचा आहे. शिक्षेची सगळी लक्षणं ठेवायची आणि आरोपीचे हक्क तेवढे काढून घ्यायचे. बेडी घालायची असेल तर वकीलही द्या.

आता यावरून अमेरिकेला शिव्या घालणाऱ्यांनी जरा घरातही बघावं. १ सप्टेंबर २०२५ पासून आपला नवा कायदा लागू आहे. पासपोर्ट-व्हिसाशिवाय भारतात शिरलात तर ५ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्हिसा संपल्यावर राहिलात तरी ३ वर्षं, ३ लाख. तिकडे जे गुन्ह्यात मोडत नाही ते इथे मोडतं. शिवाय आपण परदेशी नाही हे ज्याच्यावर संशय त्यानेच सिद्ध करायचं. १९४६ च्या जुन्या कायद्यातही तेच होतं. अमृतसरच्या बेड्यांवर हळहळणारा आणि "इथल्या घुसखोरांना विचारायचं काय, उचला आणि फेका" लिहिणारा एकच माणूस आमच्या ग्रुपवर आहे. दोन्ही मेसेजमध्ये जेमतेम तासाचं अंतर असेल.

आणि नुसतं परत धाडून भागत नाही. वर्षभर किंवा त्याहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलेल्याला पुढची १० वर्षं तिकडचं दार बंद, तेही कुठलाच गुन्हा नावावर नसताना. एजंट हे सांगत नाही. तो "दंड भरला की सुटका" एवढंच सांगतो, आणि बाप शेत गहाण टाकतो.

शहादा, शिरपूर, साक्रीकडच्या कोणाला असं सांगून पैसे मागितले असतील तर पैसे देण्याआधी कोर्टात येऊन भेटा. फी घेणार नाही. कागद मात्र घेऊन या, व्हॉट्सअॅपवरचे फोटो मला वाचता येत नाहीत.