‘१००० वॅट’चा ग्रो लाइट: खुलासा

ग्रो लाइट म्हणजे घरात रोपे वाढवण्यासाठीचा दिवा. ‘खोक्यावर १००० वॅट लिहिलेला एलईडी दिवा १००० वॅट प्रकाश देतो’ हा समज चुकीचा आहे. तो आकडा बहुधा आतल्या सर्व डायोडच्या (प्रकाश देणाऱ्या बारीक एलईडींच्या) कमाल क्षमतेची बेरीज असतो, किंवा जुन्या सोडियम दिव्याशी केलेली (बरीचशी उदार) तुलना. दिवा प्रत्यक्षात किती वीज ओढतो, ते प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरवर पाहा.

ल्युमेन (प्रकाशाचे नेहमीचे एकक) हेही फसवे. ते माणसाच्या डोळ्याच्या, म्हणजे मुख्यतः हिरव्या प्रकाशाच्या मापाने मोजतात. रोपांना ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीमधले फोटॉन (प्रकाशाचे कण) हवेत, आणि ते मायक्रोमोलमध्ये मोजतात (मोल हे कणांची संख्या मोजायचे एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग).

लेट्यूससाठी (सॅलडच्या पानांसाठी) दर चौरस मीटरला दिवसाला १२ मोल फोटॉन धरा. १६ तास दिवा लावल्यास दर चौरस मीटरला सेकंदाला सुमारे २०८ मायक्रोमोल लागतात. ६० × ६० सेंटीमीटरच्या ट्रेला ७५. कडेने पाचवा हिस्सा वाया जातो असे धरले तर ९४. प्रति ज्यूल (एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल) २.५ मायक्रोमोल देणारा दिवा असेल, तर खरे ३८ वॅट पुरतात!

मोबाइलच्या लक्स ॲपवर जांभळा (लाल-निळ्या डायोडचा) दिवा मोजू नका; लक्स म्हणजे दर चौरस मीटरवरचे ल्युमेनच. आकडा हमखास चुकतो.