पापांची एक पौंडाची नोट

सकाळी सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एक नकाशा आला. नायजेरियाचे चार रंगांत चार तुकडे, वर अमेरिका, चीन, रशियाचे बाण, आणि खाली आपल्याच एका दोस्ताची कॉमेंट, "फुटला तर तेल स्वस्त, पॉपकॉर्न घेऊन बसा." सतरा जणांनी हसून घेतलं. माझा चहा तसाच गार झाला.

मी २००९ ते २०१२ नायजेरियात पोर्ट हार्कोर्टला होतो, मेंटेनन्सला. आमचे स्टोअरकीपर इग्बो, म्हणजे पूर्व नायजेरियातल्या जमातीचे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, सगळे त्यांना पापा म्हणायचे आणि ते मला 'ओगा' म्हणायचे, म्हणजे साहेब. मला कसंतरीच व्हायचं. एकदा लाईट गेली, जनरेटर चालू होईपर्यंत बसलो होतो, तर त्यांनी पाकिटातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक नोट काढली. ताडाचं झाड, मागे उगवता सूर्य. बियाफ्राचा एक पौंड. म्हणाले, आईच्या ट्रंकेत अशी गड्डीच होती.

आता ज्यांना बियाफ्रा माहीत नाही (मलाही तेव्हा नव्हतंच) त्यांच्यासाठी. १९६६ मध्ये उत्तरेत इग्बोंची कत्तल झाली, लोक मिळेल त्या ट्रकमधून पूर्वेला पळाले, आणि ३० मे १९६७ ला पूर्वेचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वूंनी बियाफ्रा नावाचा वेगळा देश जाहीर केला. तेल तिकडेच. मग काय, सगळे जागे झाले! आपण शाळेत शिकलो शीतयुद्ध म्हणजे ब्रिटन-अमेरिका एकीकडे आणि रशिया दुसरीकडे, आणि इथे लागोस सरकारला (नायजेरियाची तेव्हाची राजधानी) बंदुका ब्रिटनच्या आणि मिग विमानं रशियाची. ब्रिटनचा जीव शेल-बीपी कंपनीच्या तेलात अडकलेला, रशियाला आफ्रिकेत पाय रोवायचे होते. फ्रान्स गॅबॉन आणि आयव्हरी कोस्टमधून बियाफ्राला चोरून शस्त्रं देणार, कारण इंग्रजांनी मागे ठेवलेला एवढा मोठा देश त्यांच्या डोळ्यांत सलत होता. चीन बियाफ्राच्या बाजूनं बोलला, का, तर रशिया पलीकडे होता म्हणून. बास. एवढंच कारण. त्यातल्या कुणालाही पापांच्या आईशी काही घेणंदेणं नव्हतं, आणि सगळ्या बाजूंनी नाकेबंदी झालेल्या त्या पट्ट्यात पोरं भुकेनं पोट फुगून मेली. एकूण मेलेल्यांचे आकडे पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत सांगतात. पॉपकॉर्न घ्या.

हो, माहितीये, लगेच कुणीतरी लिहील की बियाफ्रात तरी सगळे खूश कुठे होते. नव्हते. बरंचसं तेल इजॉ, ओगोनी या दुसऱ्या जमातींच्या जमिनीखालचं, आणि लेखक केन सारो-विवा, ओगोनी माणूस, त्या युद्धात लागोसच्या बाजूनं होते. मान्य. पण पुढे त्यांनीच शेलविरुद्ध आंदोलन उभं केलं तर लष्करी राजवटीनं खुनाचा खटला चालवून १९९५ मध्ये त्यांना फाशी दिलं, त्याच पोर्ट हार्कोर्टमध्ये. लागोसची बाजू घेऊन काय मिळालं मग?

नोटेचं राहिलं. जानेवारी १९७० मध्ये युद्ध संपलं. सरकार म्हणालं, ना कोणी जिंकलं ना कोणी हरलं. मग बँकेत कितीही असोत, बियाफ्राच्या पैशांच्या बदल्यात माणशी वीस पौंड. पापांची आई आबा नावाच्या शहरातल्या बाजारात कापड विकायची, युद्धाआधी तिची स्वतःची दोन दुकानं होती, तिलाही वीसच. उरलेल्या गड्डीचं पोरांनी विमान करून उडवलं म्हणे, एवढी एक यांनी लपवून ठेवली.

आणि मी काय विचारलं माहितीये? "पापा, विकणार का? किती?" तीस वर्षांचा घोडा, इंजिनिअर. मला सोव्हेनिअर हवं होतं. ते रागावले नाहीत, नोट परत प्लॅस्टिकमध्ये घातली, नीट, चार घड्या, आणि म्हणाले, "ओगा, हिची किंमत एकदा लावून झालीये." तेवढ्यात लाईट आली आणि ते बेअरिंगांची यादी वाचायला लागले.

म्हणजे त्या ग्रुपवर हसणाऱ्यांवर मी कुठल्या तोंडानं चिडतोय, हेही खरंच. पण चिडलोय.

पापा आता रिटायर होऊन आबाला असतात, स्पेअर पार्ट्सचं छोटं दुकान आहे. २०२१ मध्ये पुन्हा बियाफ्रा मागणाऱ्या नमदी कानूला पकडल्यानंतर त्याच्या माणसांनी तिकडे सोमवारचा बंद सुरू केला, आणि पापा सोमवारी अजूनही शटर वर करत नाहीत. उघडलं तर बंदवाले मारणार, नाही उघडलं तर पोलीस विचारणार, मग घरीच बरं, म्हणतात. आज सोमवार. घरीच असतील. रात्री फोन लावतो.