ससे विरळ केल्याने साथ जात नाही

नातीचे दोन पाळीव ससे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सोडून यावेत का, असे माझ्या दादरच्या आत्याने परवा फोनवर विचारले. तिला व्हॉट्सॲपवर आलेल्या संदेशात तीन दावे होते: युरोपात रानससे दाटीमुळे विषाणूने मरतात, तेव्हा त्यांची संख्या घटवणे हाच उपाय; ऑस्ट्रेलियात सशांच्या विषाणूने माणसेही दगावली; आणि म्हणून घरातले ससे तत्काळ बाहेर काढावेत.

पहिला दावा सर्वांत घातक, कारण तो सहज पटतो. दाटीत संसर्ग लवकर पसरतो, एवढे मान्य करावेच लागेल. परंतु 1980 च्या दशकाच्या आरंभी स्वीडनमध्ये आढळलेल्या, रानसशांचे यकृत निकामी करणाऱ्या रोगाचे गणित उलटे आहे. साधारण दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला लागण झाली, तर ते आजारी पडत नाही आणि त्याला टिकाऊ प्रतिकारशक्ती मिळते. इटलीतील पशुवैद्यकांनी रानसशांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासली, तेव्हा हेच दिसले: जिथे ससे भरपूर, तिथे विषाणू सतत फिरता राहून पिल्लांनाच गाठतो आणि मृत्यू थोडे होतात, जिथे ससे विरळ, तिथे तो नाहीसा होतो, नवी पिढी लागणीवाचून वाढते आणि तो परतला की प्रौढ ससे पटापट मरतात. थोडक्यात, संख्या घटवा म्हणणारा पुढच्या साथीचीच सोय करून ठेवतो.

ऑस्ट्रेलियाची अफवा तर सत्तर वर्षांहून जुनी. 1951 मध्ये मिल्ड्युरा भागातील मेंदूज्वराचा संशय सशांची संख्या घटवण्यासाठी सोडलेल्या मिक्सोमा विषाणूवर आला, तेव्हा बर्नेट, फेनर आणि क्लनीज रॉस या शास्त्रज्ञांनी तो स्वतःला टोचून घेतला आणि तिघेही ठणठणीत राहिले. मेंदूज्वराचा विषाणू वेगळा होता व तो डासांतून पसरत होता. सशांपासून माणसाला टुलारेमिया होतो हे खरे, पण तो जिवाणूंचा रोग.

तिसऱ्या दाव्याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे, कारण मराठीत पाळीव ससा आणि रानससा दोघेही ‘ससे’च. पिंजऱ्यातला ससा बिळात राहणाऱ्या युरोपीय जातीचा असून त्याची पिल्ले केसांविना, मिटल्या डोळ्यांनी जन्मतात; रानससा उघड्यावर वितो आणि त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ व डोळस असतात. गॅलरीत वाढलेला ससा बोरिवलीच्या जंगलात सोडणे म्हणजे त्याला बिबट्याच्या पुढ्यात ठेवणे. पिंजरा होता तिथेच राहू दे, असे आत्याला सांगितले आहे.