पतसंस्थेच्या कर्जाबद्दल तुम्ही दिलेल्या एका स्टारचं उत्तर

राम राम भाऊ,

तुमची तक्रार अशी, की दिव्यांग स्कूटरच्या गिऱ्हाइकाला आम्ही पतसंस्थेकडे धाडतो, तिथे व्याज बँकेपेक्षा जास्त, वर दोन जामीनदार. तुम्ही म्हणता, अमेरिकेत क्रेडिट युनियन, म्हणजे तिथल्या पतसंस्थाच, अशाच लोकांना स्वस्तात कर्ज देतात, आणि इथे आमचं कमिशन असणार.

कमिशन एक रुपया नाही. गाडीचं बिल वेगळं, साइड व्हीलच्या फिटिंगचं वेगळं. दोन्ही तुमच्याजवळ आहेत, ताळा करून पाहा.

अमेरिकेचं बरोबर आहे, पण अर्धंच. तिथे अनेक राज्यांत सहायक साधनांसाठी कर्जयोजना आहेत. कर्ज क्रेडिट युनियन देते, पण थकलं तर योजनेचा हमी निधी भरतो, काही ठिकाणी व्याजाचा भारही योजनाच उचलते. जळगावातल्या पतसंस्थेमागे कोण आहे? पैसा सभासदांच्या ठेवींचा, आणि त्या ठेवींना बँकेसारखा 5 लाखांचा विमाही नाही. ठेवी अडकल्या की म्हातारी माणसं कशी खेटे घालतात, ते खान्देशाला सांगायला नको. म्हणून जामीनदार लागतात.

बँक स्वस्त, मान्य. पण बामणोदची भरताची वांगी विकणाऱ्या आमच्या एका गिऱ्हाईक ताईंकडे बँकेने आयटी रिटर्न मागितलं. ते कुठून आणणार? पतसंस्थेच्या माणसाने त्यांचं पिग्मीचं पुस्तक चाळलं. रोजचे पन्नास, कधी शंभर, झडीचे दिवस तेवढे कोरे. तेवढ्यावर कर्ज झालं. आता हप्ताही एजंट त्यांच्या पाटीपाशी येऊन नेतो. नाहीतर पतसंस्थेचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यावर तुम्ही लिहिलं असतं, तर मीच खाली सही केली असती.

गाडी धंद्याला लागणार असेल आणि थांबायची तयारी असेल, तर राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळ आहे. 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, व्याज कमी पडतं. तो फॉर्म आमच्या काउंटरवर फुकट मिळतो, तुम्हालाही दाखवला होता. तुम्हाला गाडी पोळ्याच्या आत हवी होती.

कर्ज फिटलं की पतसंस्थेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म 35 घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवून घ्या, लोक हेच विसरतात. डाव्या चाकाचा आवाज येतो म्हणता, त्यासाठी गाडी कधीही आणा, बेअरिंग बघून देतो.